मोटरसायकल अपघात: फिर्याद उलट भावावरच झालीये, भरपाई मागता येते का?

मीठभाकर

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर रेंगाळणारी, कायद्याच्या विभागात पहिल्यांदाच आले आहे. चुकलं तर सांभाळून घ्या.

१६ फेब्रुवारीला रात्री साडेआठच्या सुमारास माझ्या धाकट्या भावाला कराड-विटा रस्त्यावर अपघात झाला. वय २७, फरशी बसवायची कामं घेतो. मागे त्याचा मित्र फरशी कापायचं मशीन मांडीवर घेऊन बसला होता, तो त्याच्याच हाताखाली काम करतो. दोघं काम उरकून घरी निघाले होते. समोरून येणारी कार अचानक आपल्या उजवीकडे, म्हणजे भावाच्या लेनमधून आडवी, ढाब्याकडे वळली. भावाची गाडी कारच्या डाव्या बाजूच्या मागच्या दारावर आदळली. भावाच्या नडगीचं हाड दोन ठिकाणी मोडलं, रॉड टाकलाय, गुडघ्यालाही मार आहे. मित्राचं मनगट मोडलं. कारमधल्या कुणाला खरचटलंही नाही.

आता खरी अडचण. भाऊ ऑपरेशन थिएटरात असताना कारवाल्याने पोलीस ठाण्यात जाऊन फिर्याद दिली की मोटरसायकल भरधाव येऊन धडकली. गुन्हा भावावर दाखल झालाय. भावाचा जबाब घ्यायला पोलीस नवव्या दिवशी आले. म्हणाले, "दोन्ही पार्ट्यांनी बसून मिटवा, कशाला कोर्टकचेऱ्या."

कारवाल्याचे मेव्हणे दवाखान्यात येऊन २०,००० रुपये देऊ करून गेले. सोबत स्टँप पेपर होता, "आमची काही तक्रार नाही" असा. आईने पैसे घेतले नाहीत, सही केली नाही. आजपर्यंतचा बिलाचा आकडा १ लाख ८० हजार आहे.

भावाकडे लायसन्स आहे, हेल्मेट होतं (त्यामुळेच आज बोलतोय). पण गाडीचा विमा डिसेंबरात संपला होता आणि भरायचा राहिला. पोलिसांच्या मते यामुळे "त्याला एक रुपयाही मिळणार नाही". खरं आहे का हे? आणि फिर्यादच त्याच्यावर असेल तर चूक त्याचीच धरणार का?

सांगलीकर_नाना

आईसाहेबांना माझा साष्टांग नमस्कार सांगा. दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये, पोरगं आत असताना, २० हजार परत करायला जिगर लागते.

डावीकडून_चला

विमा संपलेली गाडी रस्त्यावर आणली हीच पहिली चूक. मग कायद्याकडे कोणत्या तोंडाने जायचं?

मीठभाकर

मान्य आहे. त्याचा दंड तो भरेल. पण विम्याचा कागद संपला म्हणून समोरची कार आडवी वळली असं नाही ना झालं.

कोर्टपायरी

ताई, मी कोल्हापुरात वकिली करते. जिल्हा न्यायालयात मोटार अपघाताचे दावे रोज बघते. कागद बघितल्याशिवाय सल्ला द्यायचा नसतो, तरी इथे ढोबळ सांगते. तुमच्या वकिलांना कागद दाखवाच.

पहिलं म्हणजे फौजदारी केस आणि भरपाईचा दावा ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. पोलिसांनी भावावर लावलेली कलमं भारतीय न्याय संहितेची असणार, २८१ (बेदरकारपणे गाडी चालवणं) आणि १२५ (दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणं). तिथे गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो. भरपाईचा दावा चालतो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे, मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली, आणि तिथे बघतात की कोणाचं म्हणणं जास्त संभवनीय वाटतं. एफआयआर म्हणजे एका पार्टीने पहिल्यांदा जाऊन सांगितलेली गोष्ट. ज्याचे पाय शाबूत असतात तोच आधी ठाण्यात पोचतो, हे न्यायाधीशांनाही ठाऊक असतं. दोषारोपपत्र भावावर आलं तरी न्यायाधिकरण दावा ऐकतं, पंचनामा बघतं, साक्षी घेतं आणि स्वतंत्र निष्कर्ष काढतं. पण हेही खरं की भावावरचं दोषारोपपत्र विमा कंपनीच्या वकिलाच्या हातातलं पहिलं पान असतं. म्हणून आत्ताच हातपाय हलवा.

विम्याचं: भावाची पॉलिसी संपली म्हणून त्याचा कारच्या विमा कंपनीवरचा हक्क जात नाही. तो कारच्या दृष्टीने त्रयस्थ आहे, थर्ड पार्टी. विमा नसल्याचा दंड वेगळा, पहिल्या वेळी २,००० रुपये किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद. हां, पॉलिसी चालू असती आणि त्यात मालक-चालकाचं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात कवच असतं तर तोही एक दरवाजा होता. तो बंद झाला.

चूक म्हणजे सगळी याची किंवा सगळी त्याची, असंही नसतं. टक्क्यांत वाटतात.

हवालदाराचा_मुलगा

वडील ३१ वर्षं खात्यात होते, त्यांच्याच तोंडून ऐकलेलं सांगतो.

भावाचा जबाब काय लिहिलाय तो आधी वाचा. वेदना आणि गुंगीच्या औषधात दिलेल्या जबाबात "मला काही समजायच्या आत धडक झाली" असं वाक्य येतं, आणि ते पुढे "मी समोर बघत नव्हतो" असं वाचलं जातं. भावाची बाजू लेखी द्या, दोन प्रती, एकीवर आवक शिक्का घ्या. त्याच घटनेची उलट फिर्याद घेता येते. ठाण्यात घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना पोस्टाने, पोचपावतीसह. तरीही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडे.

मिळवायचे कागद: एफआयआर, घटनास्थळ पंचनामा नकाशासह, दोन्ही गाड्यांचे फोटो, मोटार वाहन निरीक्षकाचा तपासणी अहवाल, दवाखान्याची एमएलसी नोंद (पोलीस प्रकरणाची वैद्यकीय नोंद), कारचं आरसी आणि पॉलिसी, चालकाचं लायसन्स.

आणि ढाबा! ढाब्याला कॅमेरा आहे का?

मीठभाकर

आहे. मालक म्हणतात डीव्हीआरमध्ये १५ दिवसांचंच राहतं. आज २१ वा दिवस. 😞

हवालदाराचा_मुलगा

अरेरे. तरी समोरचा पेट्रोल पंप, दुधाचं संकलन केंद्र, पुढचा टोलनाका, काही मिळतंय का बघा. टोलनाक्यावरून कार किती वाजता गेली एवढं मिळालं तरी वेगाचा अंदाज लागतो. मिळालं तर नुसता मोबाईलवर शूट करून आणू नका, मूळ रेकॉर्डिंग आणि त्यासोबत नव्या पुरावा कायद्याच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं (पूर्वीचं ६५ ब).

दारात_गाडी

मी २२ वर्षं विमा सर्व्हेअर होतो, आता निवृत्त. गाड्यांचे पोचे वाचणं हा माझा धंदा. ताई, रागावू नका, पण पोचा तुमच्या बाजूनेही बोलतो आणि विरुद्धही.

बाजूने: डाव्या दारावर मार म्हणजे धडकेच्या क्षणी कार रस्त्याला आडवी होती. सरळ आपल्या लेनमध्ये असती तर मार बोनेटला किंवा उजव्या कोपऱ्याला लागला असता. उजवीकडे वळणाऱ्याने समोरून सरळ येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा साधा नियम आहे. तो मोडला हे त्या दारावरच लिहिलंय.

विरुद्ध: मार मागच्या दारावर आहे. म्हणजे कारचा पुढचा भाग बराच पार झाला होता. विमा कंपनीचा वकील विचारणार, "एवढी चार मीटर लांबीची गाडी आडवी होईपर्यंत तू काय करत होतास? ब्रेक का नाही मारलास?" इथे टायरच्या खुणा महत्त्वाच्या. पंचनाम्यात ब्रेकच्या खुणेची लांबी आहे का बघा. नसेल तर "ब्रेक मारलाच नाही" असा अर्थ काढतील. ओल्या किंवा खडी पडलेल्या रस्त्यावर खूण उमटतही नाही, तेही पंचांकडून आणायला हवं. हेडलाइट चालू होता का, ढाब्याबाहेर दिवे होते का, कारने इंडिकेटर दिला होता का?

मी प्रामाणिकपणे सांगतो, माझ्या टेबलावर ही फाइल आली असती तर मी कारवाल्याकडे ७५-८० आणि तुमच्या भावाकडे २०-२५ टक्के लिहिलं असतं. शून्य लिहिलं नसतं.

झणझणीत

म्हणजे सरळ येणाऱ्याचीही २० टक्के चूक? धन्य आहे.

दारात_गाडी

चूक म्हणण्यापेक्षा, त्याच्या हातात जेवढं होतं त्यातलं न केलेलं. कायद्यात त्याला सहभागी निष्काळजीपणा म्हणतात. आणि हे लक्षात ठेवा, नुसता नियम मोडला म्हणून हा निष्काळजीपणा धरत नाहीत. मोडलेल्या नियमाचा धडकेशी संबंध लागला पाहिजे. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने तिघं बसलेल्या मोटरसायकलच्या केसमध्ये हेच सांगितलं. ट्रिपल सीट हा गुन्हा आहे, पण तिघं बसल्यामुळेच अपघात झाला किंवा इजा वाढली असं दाखवलं नाही तर भरपाई कापता येणार नाही. तुमच्या विम्याच्या कागदालाही तोच न्याय. कागद संपल्याने ब्रेक निकामी होत नाही.

डावीकडून_चला

ठीक आहे. हा मुद्दा पटला. विमा मात्र भरा.

लंगडी_घोडी

माझा अनुभव. २०१६ मध्ये टेम्पोने उडवलं, उजव्या पायात प्लेट आणि ११ स्क्रू. निकाल २०२१ मध्ये. मी केलेल्या तीन चुका सांगते.

एक. मेडिकलच्या दुकानाच्या पावत्या फेकून दिल्या. फक्त हॉस्पिटलचं बिल ठेवलं. औषधं, फिजिओथेरपी, वॉकर, दवाखान्याच्या रिक्षा असं मिळून लाखभर होतं, पुराव्याअभावी कोर्टाने अंदाजाने ३० हजार धरले. पावत्यांची शाई उडते, झेरॉक्स काढून ठेवा.

दोन. दवाखान्याच्या बाहेर एक गृहस्थ भेटले. गोड बोलणे, आईला "मावशी" म्हणणे. "सगळं आम्ही बघतो, जिंकल्यावर ३० टक्के द्या." मी कोऱ्या वकालतनाम्यावर आणि दोन कोऱ्या कागदांवर सह्या केल्या. ते वकील नव्हतेच. पुढे दुसरा वकील करताना वर्ष गेलं.

तीन. अपंगत्वाचं प्रमाणपत्र उशिरा घेतलं, आणि ज्या डॉक्टरांनी दिलं ते साक्षीला आलेच नाहीत. प्रमाणपत्र फाइलला लावलं की झालं, असं नसतं. डॉक्टरांनी पिंजऱ्यात येऊन "हो, मी तपासलं, एवढं अपंगत्व आहे" म्हणावं लागतं, नाहीतर समोरचा वकील त्या कागदाच्या चिंध्या करतो.

भूल देणारे डॉक्टर आणि सही घेणारा माणूस, दोघांपुढे सावध राहावं. पहिले निदान शुद्धीवर तरी आणतात.

कोर्टपायरी

घोडीबाई 😄 पण दुसरा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला भरपाईत टक्केवारी ठरवता येत नाही. फी ठरलेली असावी. टक्के मागणारे आहेत, नाहीत असं मी म्हणत नाही. पण मागणारा वकीलच नसेल तर पळा.

मीठभाकर

इतकी माहिती! वाचनखूण साठवली. दोन प्रश्न. (१) मित्राने वेगळा दावा करायचा का? तो बिचारा "दादावर कशाला दावा करू" म्हणतो. (२) ढोबळ किती मिळू शकेल? लोभ नाही, पण भाऊ आता गुडघा टेकून बसू शकत नाही. डॉक्टर म्हणतात ९० अंशांपुढे वाकणार नाही बहुतेक. फरशी बसवणारा माणूस उभ्याने काय बसवणार?

कोर्टपायरी

आधी मित्राचं. मागे बसलेल्याची चूक काहीच नव्हती, त्यामुळे त्याच्या भरपाईतून कापणी होत नाही. दोन चालकांच्या चुकीतून त्याला इजा झाली, याला संयुक्त निष्काळजीपणा म्हणतात. २०१५ चा सुप्रीम कोर्टाचा निर्णय आहे की असा माणूस कोणाही एकाकडून पूर्ण रक्कम वसूल करू शकतो. म्हणजे कारच्या विमा कंपनीकडून सगळी.

पण इथे एक खाच आहे, आणि ती तुम्हाला आत्ता कळलेली बरी. कारची कंपनी मित्राला पैसे देईल आणि नंतर भावाच्या वाट्याचे, समजा २० टक्के, भावाकडून मागू शकेल. पॉलिसी नसल्यामुळे ते भावाच्या खिशातून जातील. (चालू असून नुसती थर्ड पार्टी असती तरी मागे बसलेला त्यात येत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. सर्वसमावेशक पॉलिसीत येतो.) म्हणून मित्राचा आणि भावाचा दावा एकाच वकिलाला देऊ नका. दोघांचं प्रेम असू दे, पण कागदावर हितसंबंध वेगळे आहेत. भावाची चूक शून्य ठरावी हे भावाच्या वकिलाला हवंय. मित्राच्या वकिलाला त्याच्याशी देणंघेणं नाही.

आकड्याचं. गणित असं चालतं. महिन्याचं उत्पन्न १८,००० धरलं तर वर्षाचे २,१६,०००. चाळिशीच्या आतला स्वतःचा धंदा असलेला माणूस, म्हणून भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे (सुप्रीम कोर्टाचा प्रणय सेठी निकाल, २०१७), झाले ३,०२,४००. वय २६ ते ३० मध्ये गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला ज्याने गुणायचं तो वयानुसार ठरलेला आकडा, १७ (सरला वर्मा, हाही सुप्रीम कोर्टाचा, २००९). गुणाकार ५१,४०,८००. यातून अपंगत्वाच्या टक्क्याइतकं नुकसान.

आणि खरी लढाई या टक्क्यावर असते. जिल्हा रुग्णालयातून समजा पायाचं ३० टक्के आणि पूर्ण शरीराचं १५ टक्के असं प्रमाणपत्र आलं. विमा कंपनी म्हणणार १५ टक्के, म्हणजे ७,७१,१२०. पण सुप्रीम कोर्टाच्या राज कुमार या २०१० च्या निर्णयाने सांगितलंय की डॉक्टरचा टक्का आणि कमाईचा टक्का एक नसतो. माणूस काय काम करत होता, ते आता करू शकतो का, हे बघायचं. बँकेतल्या कारकुनाचा गुडघा वाकला नाही तर त्याचा पगार तोच राहतो. फरशी बसवणाऱ्याचा गेला की धंदा गेला. तुमच्या भावाच्या बाबतीत कमाईचं नुकसान ४० टक्के ठरलं तर तोच आकडा २०,५६,३२० होतो. त्यातून सहभागी निष्काळजीपणाचे २० टक्के गेले तर १६,४५,०५६. शिवाय औषधोपचार, बरं होईपर्यंतची बुडालेली कमाई, वेदना, रॉड काढायचं पुढचं ऑपरेशन हे वेगळे. दावा दाखल केल्यापासून व्याज.

हे उदाहरण आहे, वचन नाही.

सांगलीकर_नाना

१८,००० सिद्ध कसे करणार? फरशीवाल्याला कोण पगारपत्रक देतं!

मीठभाकर

तेच तर. रिटर्न कधी भरलं नाही. अर्धे पैसे रोख.

लंगडी_घोडी

यूपीआयचं स्टेटमेंट काढा. बँकेतले जमा. गिऱ्हाइकांशी व्हॉट्सॅपवर "३५० चौरस फूट, मजुरी एवढी" असं बोलणं झालं असेल ना? ज्या टाइल्सच्या दुकानातून कामं मिळायची त्या मालकाला साक्षीला आणा. माझी खानावळ होती, मी उधारीची वही दाखवली होती. कोर्टाने वहीवरचे तेलाचे डाग बघून विश्वास ठेवला असावा.

काहीच नसेल तर किमान वेतनाच्या आसपास उत्पन्न धरतात.

कोर्टपायरी

वह्या चालतात, लिहिणाऱ्याने साक्ष दिली तर.

मुदतीचं विसरले. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने दावा दाखल करायला अपघातापासून ६ महिन्यांची मुदत परत आली आहे, १ एप्रिल २०२२ पासून लागू. "भाऊ चालायला लागला की बघू" असं करू नका. अपघात २ महिन्यांचा असताना लोक येतात तेव्हा मला आनंद होतो. दावा भाऊ राहतो तिथल्या न्यायाधिकरणात करता येतो, कारवाला मुंबईचा असला तरी.

आणि त्याच कायद्याच्या कलम १६४ खाली गंभीर इजेला अडीच लाख, चूक कोणाची हे सिद्ध न करता मिळतात. कोणी घाईने ते घ्यायला सांगेल. ती रक्कम स्वीकारली तर १६६ चा दावा संपतो. तुमच्या भावाच्या बाबतीत तो फार महाग सौदा होईल.

---

मीठभाकर (सहा महिन्यांनी)

धागा वर आणतेय. तेव्हा तुम्ही सगळ्यांनी इतका वेळ दिलात, काय झालं ते सांगायला हवं.

उलट फिर्याद ठाण्यात घेतली नाही. अधीक्षकांना पत्र गेल्यावर दोन आठवड्यांत फोन आला. आता दोषारोपपत्र दोघांवर आहे. कारवाल्यावरही. पंचनाम्याचा नकाशा मिळाला. त्यात काचा आणि मोटरसायकल रस्त्याच्या मध्यरेषेपासून भावाच्या बाजूला साडेसहा फूट आत पडल्याचं दाखवलंय. दारात_गाडी काका, ब्रेकची खूण १४ फूट आहे! लिहिली होती पंचांनी.

दावा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दाखल केला, मुदतीच्या आत. मित्राने वेगळा वकील केला. यावरून घरात महिनाभर अबोला होता. वहिनीला वाटलं मित्र उलटला. मी हा धागा मोठ्याने वाचून दाखवला तेव्हा शांत झाली.

नवा प्रश्न: भावाच्या मेडिक्लेममधून (आमच्या सख्ख्या काकांनी त्याच्या नावाने काढला होता, आम्हाला माहीतच नव्हतं) ७५,००० मिळाले. विमा कंपनी म्हणते एवढे दाव्यातून वजा करा.

कोर्टपायरी

नाही म्हणायचं. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने नेमकं हेच ठरवलंय. मेडिक्लेमचे पैसे हप्ते भरून केलेल्या करारातून मिळालेत, ते अपघाताच्या भरपाईतून वजा होणार नाहीत. तुमच्या वकिलांना माहीत असेलच, तरी आठवण करा.

दारात_गाडी

१४ फुटांची खूण म्हणजे फार चांगली बातमी. त्याने बघितलं आणि ब्रेक मारला. "लक्षच नव्हतं" ही कथा संपली. आणि काचा साडेसहा फूट आत, म्हणजे धडक त्याच्याच लेनमध्ये. आता प्रश्न फक्त वेगाचा उरला.

जुलै २०२५ मधला सुप्रीम कोर्टाचा निकालही वाचा, गप्पांत सांगण्यासारखा आहे. कोइमतूरची २०१७ ची घटना. हायवेवर कारवाल्याने अचानक ब्रेक मारला, कारण गरोदर बायकोला उलटीची भावना झाली. मागून मोटरसायकलवर येणारा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी कारवर आदळून पडला, मागच्या बसने त्याचा पाय चिरडला, पाय काढावा लागला. न्यायाधिकरणाने कारवाल्याला निर्दोष ठरवलं होतं! उच्च न्यायालयाने कार ४०, बस ३०, विद्यार्थी ३० केलं. सुप्रीम कोर्टाने कार ५०, बस ३०, विद्यार्थी २०. पुरेसं अंतर न ठेवल्याचे २०. एकच घटना, तीन पायऱ्या, तीन वेगळे वाटे. म्हणून खालच्या पायरीवर कोणी "एवढंच मिळेल" म्हटलं तर लगेच मान डोलावू नये.

झणझणीत

उलटी आली म्हणून हायवेवर ब्रेक. माझ्या मेव्हण्याने एकदा भेळेची गाडी दिसली म्हणून मारला होता.

---

मीठभाकर (आणखी पाच महिन्यांनी)

लोकअदालतीचं बोलावणं आलं होतं. विमा कंपनीने ६ लाख देऊ केले, "आज सही, लवकर चेक". भावाने माझ्याकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत होतं की घे आणि मोकळे होऊ. उधारी ३ लाखांवर गेली आहे. मित्राचा मात्र तिथेच २ लाख १० हजारांत निकाल लागला, तो खूश आहे, परवा पेढे घेऊन आला.

सांगलीकर_नाना

घेतले का?

मीठभाकर

नाही. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं हे आमच्या वकीलबाईंनी आधीच सांगितलं होतं. अपंगत्वाचं प्रमाणपत्र १८ टक्के आलंय आणि डॉक्टर साक्षीला यायला तयार आहेत. भावाला मीच म्हटलं, आणखी एक वर्ष कळ काढ. रात्रभर झोप नाही लागली मला. चुकले असेन तर माझ्यामुळे त्याचं नुकसान.

लंगडी_घोडी

मला पहिल्या लोकअदालतीत सव्वा लाख देत होते, निकालात ५ लाख ४० हजार मिळाले. पण मधली पाच वर्षं मी भावाच्या घरी राहिले. हे दोन्ही खरं आहे. तुम्ही बरोबर की चूक, हे मी सांगू शकत नाही.

कोर्टपायरी

६ लाख म्हणजे त्यांनी शरीराचा टक्का धरून आणि वर चुकीची कापणी करून काढलेला आकडा दिसतोय, कामाचा विचार न करता. नाकारणं अवाजवी नव्हतं. साक्ष झाली की ते पुन्हा बोलतील, आणि पुढच्या लोकअदालतीत आकडा बदललेला असतो बरेचदा. भावाची साक्षीची तयारी?

मीठभाकर

काल वकीलबाईंनी ऑफिसात उलटतपासाची रंगीत तालीम घेतली. त्यांनीच विमा कंपनीच्या वकिलाची भूमिका केली, आवाज बदलून. सगळं छान चाललं होतं. मग विचारलं, "तुमचा वेग किती होता?"

भाऊ ताठ बसून म्हणाला, "पंचेचाळीस."

"कशावरून?"

"मीटरवर बघितलं."

बाईंनी फाइलमधून मोटार वाहन निरीक्षकाचा अहवाल काढून टेबलावर ठेवला. त्यात तिसऱ्या ओळीत लिहिलंय, वेगदर्शक बंद. तो बंद आहे हे भावाला दोन वर्षांपासून माहीत आहे. मला विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं.

दारात_गाडी

😂 हे तालमीत झालं हे नशीब. त्याला खरं तेच सांगायला सांगा. मीटर बंद होता, आकडा माहीत नाही, तिसऱ्या गिअरमध्ये होतो, मागे माणूस आणि त्याच्या मांडीवर फरशी कापायचं मशीन होतं. आकडा १४ फुटांची खूण सांगेल.

मीठभाकर

मशीन! काका, ते मशीनही फुटलं होतं. त्याची किंमत दाव्यात लावलीच नाही आम्ही. पावती आहे घरात कुठेतरी.

कोर्टपायरी

शोधा. साक्ष सुरू व्हायच्या आत दुरुस्ती अर्ज देता येईल. तारीख कधी आहे?

मीठभाकर

१९ ला. आईने माळा काढायला घेतलाय.